कॅप्सूलमधली घट

पोटात दुखतं म्हणून मी दोन वर्षं एका डॉक्टरांकडे जात होते आणि दोन वर्षं ते मला स्वभाव बदलायला सांगत होते. "बाई, तुम्ही फार चिडता. चिडलं की ॲसिड वाढतं." मग गुलाबी औषधाची बाटली. पुढच्या वेळी गेले की पुन्हा तेच, फक्त बाटली मोठी. रक्त एकदाही तपासलं नाही. या गोष्टीचा राग मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. हे लिहायला बसले त्याचं एक कारण तेच आहे. दुसरं कारण असं की, माझ्यासारखी कोणी बाई हातात दोन प्रकारच्या कॅप्सूल घेऊन बसली असेल आणि घरचे म्हणत असतील की दोन्ही सारख्याच, तर तिला माझं काय झालं ते कळावं.

मी चिडते हे खरं आहे. नांदगावहून लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा ह्यांची सातपूरला एका कारखान्यात नोकरी होती. कारखाना बंद पडला. मग मी डोक्यावर पाटी घेतली आणि जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत दारोदार फिरले. चार साड्यांवर एक डबा मागणाऱ्या बायकांशी मऊ बोलून धंदा होत नाही. पुढे भांडीबाजारात गाळा घेतला. लोक जुनं तांबं-पितळ घेऊन येतात, आम्ही ती मोड तोलून घेतो आणि तिच्या बदल्यात नवीन भांडी देतो. इंदिरानगरचं घर त्या गाळ्यातून उभं राहिलं. मी गोड बोलत बसले असते तर पाटी अजून डोक्यावरच असती.

*

दुखणं खरं उठलं ते लगीनसराईत. दुकानात एक गिऱ्हाईक मुलीच्या रुखवतासाठी घंगाळ घेत होतं आणि आमची घासाघीस रंगात आली होती. एकाएकी पोटाच्या वरच्या भागात कोणीतरी पहार घातली. पहार आत गेली आणि पाठीतून बाहेर आली. मी गल्ल्यावर ओणवी झाले, कारण सरळ बसलं की जास्त दुखायचं.

समोरचा माणूस म्हणाला, "बाई, नाटकं नकोत. शेवटचा भाव बोला."

मी मान वर केली तेव्हा त्याला माझा चेहरा दिसला. त्यानेच रिक्षा बोलावली. घंगाळ नंतर घेऊन गेला म्हणे, आणि तेही मी सांगितलेल्या किमतीला. भला माणूस.

हॉस्पिटलमध्ये प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. "दारू घेता का?"

ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हे बिचारे उशाशी उभे राहून दर वेळी लाल व्हायचे. माणूस बदलला की पुन्हा तोच प्रश्न. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरला मी म्हणाले, "तू आणणार असशील तर घेते, बाबा." तो हसला, पण कागदावर काहीतरी लिहिलंच.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टर आल्या. मोठ्या म्हणजे पदाने, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांच्या हातात काचेची नळी होती. नळीत खाली लाल आणि वर पांढरं. पातळ सायीसारखं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं रक्त."

"मग वर दूध कोणी घातलं?"

"ती चरबी आहे, मावशी. ट्रायग्लिसराइड म्हणतात. माणसाच्या रक्तात थोडी असतेच. तुमच्या रक्तात इतकी झालीय की डोळ्यांना दिसतेय. तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली आहे. साखरही वाढलेली आहे, ती तिला मदत करते. आणि हे तुमच्या घराण्यातही असणार."

माझी आई अशीच पोट धरून गेली होती. तिलाही सगळे तापट म्हणायचे.

मी एवढंच विचारलं, "माझ्या रागामुळे झालंय का हे?"

डॉक्टर थोड्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही रागावलात तर मला चालेल. तळलेलं खाल्लंत तर चालणार नाही."

त्या दिवशी मला भीती वाटली नव्हती असं मी म्हणणार नाही. शेजारच्या पलंगावरची बाई हेच दुखणं घेऊन आली होती आणि तिला आयसीयूत हलवलं. तिच्या नवऱ्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि तिच्या चपला आमच्या खोलीत तशाच राहिल्या. त्या चपलांकडे बघायला लागू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

*

या आजारात तोंडाने काही देत नाहीत, पाणीसुद्धा नाही. नाकात नळी, हाताला सलाईन. बाहेरून चहावाल्याची हाळी आली की जीव कासावीस व्हायचा. एक आया ओला कापूस ओठांवरून फिरवायची, तेवढंच काय ते सुख. एखाद्याच्या हातातल्या ओल्या कापसाची मी इतकी वाट बघेन असं कधी वाटलं नव्हतं.

आणि शैला. शैला माझी धाकटी नणंद, सातपूरला राहते. तिने तिचं घर नवऱ्यावर सोपवलं आणि माझ्या पलंगाजवळ चटई टाकली. माझे केस विंचरले, बेडपॅन दिलं, मी नर्सवर ओरडले की मागून जाऊन नर्सची समजूत काढली. मी धंद्यात मुरलेली बाई, कोणाचं देणं ठेवत नाही. पण शैलाने त्या दिवसांत जे केलं ते कुठल्या तागडीत तोलायचं ते मला कळलं नाही.

हे एवढ्यासाठी सांगते की पुढे जे झालं ते तिच्याशीच झालं.

*

घरी सोडताना डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या. तेल-तूप जवळजवळ बंद, साखर बंद. रोज चालणं. चरबीची आणि साखरेची गोळी. आणि चौथी गोष्ट, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, दिवसाला चार.

ह्यांनी माळेला हात लावला. डॉक्टर म्हणाल्या, "काका, औषध आहे." घरी आल्यावर ह्यांनी एवढंच सांगितलं, "घे तू. पण स्वयंपाकघरात नको ठेवू." म्हणून माझ्या कॅप्सूल टीव्हीखालच्या खणात रिमोटशेजारी राहतात.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून मान हलवली. माल नाही, मुंबईहून मागवावा लागेल. भाव ऐकून माझं डोकं फिरलं. मी तशीच दवाखान्यात परत गेले आणि डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "यात तुमचं किती?"

त्यांचा चेहरा पडला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "विश्वास नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पण औषध बदलू नका."

विश्वास नव्हताच. ज्याने दोन वर्षं गुलाबी पाणी पाजलं तोही डॉक्टरच होता.

त्याच आठवड्यात शैला डबा घेऊन आली. डब्यासोबत एक मोठी पांढरी बाटली. ती अलीकडे एका कंपनीची मेंबर झाली होती. रविवारी हॉलमध्ये मीटिंग असते, वस्तू घ्यायच्या, आणखी मेंबर जोडायचे, असा तो प्रकार.

"वहिनी, हे बघा. माशाचं तेल. तुम्हाला डॉक्टरांनी लिहिलंय तेच. चिठ्ठी लागत नाही काही नाही. आणि हे नॅचरल आहे."

"किती ताकदीचं?"

"हजार! हे काय, पुढेच लिहिलंय."

मी चिठ्ठी काढली. डॉक्टरांची कॅप्सूलही हजारचीच होती. हजारला हजार. भाव मात्र निम्म्याहून कमी. आणि देणारी कोण, तर जिने माझं बेडपॅन उचललं ती. मला आणखी काय हवं होतं? मी बाटली घेतली. शैलाचा चेहरा असा फुलला की वाटलं, तिचं थोडं तरी फेडलं.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, "तुमच्या कॅप्सूल मी घेत नाही. नणंदेकडच्या घेते. हजारच्याच आहेत."

त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाटलीची मागची बाजू वाचा. आणि तीन महिन्यांनी रक्त तपासू."

मागची बाजू इंग्रजीत होती आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मी वाचली नाही.

*

तीन महिने मी पथ्य पाळलं. दुकानातल्या कोणीही खात्री द्यावी, समोर गरम भजी आली तरी मी हात लावला नाही. पांडवलेण्याच्या पायथ्यापर्यंत चालत जायचे. बाटलीतल्या चार कॅप्सूल न चुकता. आणि तरीही रिपोर्ट आला तेव्हा चरबी पहिल्यापेक्षा कमी असली तरी घातकच होती. त्या आठवड्यात पोटात वरच्या बाजूला एकदा कळही येऊन गेली. पहार नव्हे, पहारीचं टोक.

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मावशी, तुम्ही बाकीचं सगळं नीट केलंय, दिसतंय मला. पण एवढ्यावर तुम्हाला पुन्हा झटका येऊ शकतो. मागच्या वेळी सुटलात. पुढच्या वेळी सुटाल असं मी सांगू शकत नाही."

मला त्या चपला आठवल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ तांब्याचा बंब विकायला घेऊन आले. भारी वजनदार. तोलल्यावर आकडा बघून खूश झाले. मी म्हटलं, "आजोबा, थांबा." आतली लोखंडी जाळी काढली. तळाची राख झाडली. तोटी पितळेची, ती वेगळी. सांध्यांना डाग दिलेलं शिसं, त्याचा अंदाज. हे सगळं वजा करायचं, त्याला आम्ही घट कापणं म्हणतो. उरतं ते तांबं. पैसे तांब्याचे मिळतात, बंबाचे नाही.

आजोबा कुरकुरत गेले. मग मी माझ्या पिशवीतून शैलाची बाटली काढली. भांड्यावरचा शिक्का वाचायला माझ्याकडे भिंग असतं, ते लावलं.

पुढे मोठ्या अक्षरांत हजार. मागे लिहिलं होतं की हजार हे माशाचं तेल. त्याच्या खाली दोन ओळी, कामाच्या दोन घटकांच्या. एक एकशे ऐंशी, दुसरा एकशे वीस. बेरीज तीनशे. बाकीचं सातशे नुसतं तेल.

मी मेडिकलमध्ये फोन लावून डॉक्टरांच्या कॅप्सूलची मागची बाजू वाचून घेतली. तिच्यात तेच दोन घटक, आणि बेरीज आठशेच्या वर.

हजारला हजार! मी उभ्या बाजारात रोज घट कापते, माझ्यासमोर कोणी राखेसकट बंब तोलला तर त्याला धड जाऊ देत नाही, आणि मला राखेसकट तोलून दिलं होतं.

*

संध्याकाळी शैलाला बोलावलं. तिला भिंग दिलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "मीटिंगमध्ये असं नाही सांगत, वहिनी. ते म्हणतात जगात नंबर एक."

"कशात नंबर एक?"

"ते नाही सांगितलं." मग तिला सुचलं. "मग असं करा ना. चारच्या जागी बारा घ्या. बेरीज होईल बरोबर."

मला हसू आलं आणि रागही आला, कारण हिशेब खरा होता. मी रात्रीपुरता निर्णय लांबवला आणि सकाळी पुन्हा डॉक्टरांपुढे बसले. बारा घेतल्या तर?

"मावशी," त्या म्हणाल्या, "तुमच्या भाजीतून मी तेलाचा चमचा काढला. तो तुम्ही बाटलीतून परत घेणार? शिवाय लेबलवर लिहिलंय तेवढं आत आहे की नाही, तेल खवट झालंय की नाही, हे औषधासारखं कोणी तपासत नाही. चांगल्या बाटल्याही असतात. पण तुमच्या बाबतीत मी अंदाजावर चालणार नाही."

"आणि तुमच्या कॅप्सूलने उतरेल याची खात्री?"

"खात्री नाही. शक्यता चांगली आहे."

हे उत्तर मला आवडलं. खोटा व्यापारी खात्री देतो. मी म्हटलं, "मग सौदा करू. तीन महिने तुम्ही सांगाल तसं, एक कॅप्सूल इकडची तिकडे नाही. नाही उतरलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने चिठ्ठीतून ते नाव खोडायचं."

"कबूल," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीही तीन महिने माझ्या कमिशनबद्दल विचारायचं नाही."

"कबूल."

शैलाचं मात्र असं मिटलं नाही. मी तिला सांगितलं की उद्यापासून तुझी बाटली बंद. तिला ते बाटलीबद्दल नाही, तिच्याबद्दल वाटलं. "मी तुमच्यासाठी चटईवर झोपले," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला फसवणारी समजता."

"तुला नाही. तुलाही फसवलंय."

"म्हणजे मी मूर्ख."

यावर मी जे बोलले ते लिहीत नाही. ती रडत गेली. ह्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. "बहीण आहे माझी. चार कॅप्सूल गपचूप घेतल्या असत्या तिच्या, वर त्या दुसऱ्या घेतल्या असत्या, तर काय बिघडलं असतं?"

बिघडलं असतं. मी मेले असते तर शैलाने जन्मभर म्हटलं असतं की वहिनी माझ्याच बाटल्यांवर होती. तिच्या डोक्यावर ते ठेवायचं नव्हतं. पण हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. मला भांडता येतं, समजावता येत नाही.

*

मग मी हट्टाला पेटले. मुंबईहून माल यायचा. एकदा मेडिकलवाल्याने दुसरंच पाकीट पुढे केलं. "तेच आहे ताई, फक्त नाव वेगळं." मी म्हटलं, "मागची बाजू वाच." त्याने वाचलं, आणि पाकीट गुपचूप खाली ठेवलं. आता तो मला बघितल्यावर आधी स्वतःच मागची बाजू वाचतो.

कॅप्सूल जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर दिवसभर ढेकरांना मासळीबाजाराचा वास येतो आणि घरात माळकरी माणूस असेल तर संसारात नवीन विषय निघतो. भाकरी, डाळ, वाफवलेल्या भाज्या. लग्नाच्या जेवणावळी टाळल्या. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. लॅबमधल्या मुलीला म्हटलं, नळी दाखव. वर साय नव्हती. नुसता पिवळसर पातळ थर, सगळ्यांचा असतो तसा. रिपोर्टचा आकडाही उतरला होता. डॉक्टर मोकळेपणाने म्हणाल्या, "यात गोळी किती, पथ्य किती, चालणं किती आणि कॅप्सूल किती, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही."

"सगळा माल एकत्रच तोला," मी म्हटलं. "उतरला ना?"

त्यांनी नाव खोडलं नाही. मीही कमिशनचं पुन्हा कधी विचारलं नाही. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दुसरा झटका आलेला नाही.

वाचणाऱ्या बायांना मला सांगायचंय ते एवढंच. माझी चरबी फार वर गेली होती म्हणून मला ती ताकद लागली. तुम्हाला कदाचित कुठलीच कॅप्सूल लागणार नाही. ते रक्त तपासून डॉक्टरांना ठरवू द्या. पण पोट दुखत असेल आणि कोणी तुमच्या स्वभावाकडे बोट दाखवलं, तर तिथून उठा आणि रक्त तपासून घ्या. आणि औषध कोणीही देवो, ज्याने तुमच्यासाठी जिवाचं रान केलं त्याने दिलं तरी, पाकीट उलटं करा.

*

त्या वर्षी शैला भाऊबीजेला आली. न येऊन करते काय, भाऊ इथे आहे. ओवाळलं, जेवली, माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलली. निघताना दारात घुटमळली.

"वहिनी, माझ्याकडे त्या बाटल्यांचे बॉक्स पडलेत. पलंगाखाली. कंपनीतली माझी लेव्हल टिकवायला घेतले होते. आता लोकांना द्यायला मन होत नाही. परत करायला गेले तर तो माणूस म्हणतो, घेतलेला माल परत नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला भांडता येत नाही."

"बॉक्स उघडलेत?"

"नाही."

"त्याचं ऑफिस कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षात बॉक्स घालून गेलो. टाय घातलेला पोरगा होता, फार गोड बोलणारा. पॉलिसी आहे मॅडम, सिस्टीम आहे मॅडम. मी खुर्ची ओढून दाराच्या मधोमध बसले. आत नवीन मेंबरांची मीटिंग भरत होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी प्रेमाने जवळ बोलवायचे, बाटली उलटी करायचे आणि हातात भिंग द्यायचे. पाचव्या-सहाव्या बाईनंतर त्याची सिस्टीम बदलली. त्याने सगळे बॉक्स मोजून आत घेतले.

खाली रस्त्यावर आल्यावर शैला कितीतरी वेळ नुसती हसत होती. मग तिने विचारलं,

"वहिनी, आता मी काय विकू?"

"दुकानात ये. सोमवारपासून. मला गल्ल्यावर माणूस हवंच आहे."

"माझ्यावर ओरडाल?"

"ओरडेन."

तिने रिक्षाला हात केला, आधी मला आत बसवलं, मग स्वतः बसली. सातपूर की इंदिरानगर, असं मी तिला विचारलं.

"भांडीबाजार," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?"